बोंडअळीने काहीच ठरवलं नव्हतं

जनुकं आणि उत्क्रांती यांवरची लोकप्रिय पुस्तकं वाचताना एका धाटणीची वाक्यं सतत भेटतात. सुरवंटाने पानाचा रंग घेतला. जिवाणूंनी औषधावर तोड शोधली. जनुक आपल्या प्रती वाढवायला बघतं. रिचर्ड डॉकिन्स यांचं १९७६ सालचं ‘द सेल्फिश जीन’ तर शीर्षकातच जनुकाला स्वार्थी ठरवतं, आणि याचा अर्थ जनुकाला मन असतं असा घेऊ नका, असंही आत बजावत राहतं. अशी वाक्यं ही लेखकांची सोय असते. कित्येक पिढ्यांचा हिशोब त्यांना एका क्रियापदात बसवता येतो. वाचकाने तो हिशोब उलगडून घेतला नाही, तर पुस्तक संपल्यावर त्याच्या हाती हेतूंची एक गोष्ट तेवढी उरते: कुणीतरी काहीतरी ठरवलं आणि तसं झालं.

असंच एक वाक्य गेली काही वर्षं मराठी वर्तमानपत्रांत येत आहे: गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण केली. हे वाक्य सावकाश सोडवून पाहण्यासारखं आहे. उत्क्रांतीची बहुतेक उदाहरणं लाखो वर्षांपूर्वीची असतात. त्यांतले मधले टप्पे जीवाश्मांवरून जुळवावे लागतात. इथे मात्र विष कोणतं, ते शेतात कधी आलं, अळीच्या शरीरात नेमकं काय बदललं आणि किती वर्षांत, हे सगळं नोंदलेलं आहे. आणि ते विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या शेतांत घडलं आहे.

बोंडाच्या आत

गुलाबी बोंडअळीचा पतंग लहानसा, करड्या-तपकिरी रंगाचा असतो. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४३ साली डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी केलं, तेही भडोचच्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. मादी पात्यांवर, फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत बारीक अळी बाहेर पडते आणि लगेच आत शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या आतून विणल्यासारख्या होऊन फूल उमलतच नाही, ती डोमकळी. बोंडात शिरली तर आत जाण्याचं छिद्र बुजून जातं, आणि बाहेरून बोंड धडधाकट दिसत असताना अळी आतली सरकी खात बसते. तिथे फवारा पोचत नाही. वेचणीच्या वेळी कवडी झालेला कापूस हाती येतो तेव्हा नुकसान कळतं.

उबदार हवेत तिची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. म्हणजे एका हंगामात चार ते सहा पिढ्या. हंगाम सरला की शेवटच्या पिढीतल्या बऱ्याच अळ्या सरकीत किंवा किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत पडून राहतात आणि पुढच्या पिकाची वाट पाहतात. तिचं खाणं जवळजवळ फक्त कपाशी. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवायची, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर अवलंबून आहे.

आता विषाकडे. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, थोडक्यात बीटी, हा मातीत आढळणारा जिवाणू. जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना तो १९०१ साली रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना सापडला. पुढे जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळ्यांत दिसला, आणि तिथल्या थुरिंगिया प्रांतावरून त्याला नाव मिळालं. हा जिवाणू स्फटिकासारखी प्रथिनं तयार करतो आणि त्यांतली काही ठरावीक कीटकांना मारक असतात. त्यातल्या क्राय१एसी या प्रथिनाचं जनुक कपाशीत घालून केलेली कपाशी म्हणजे पहिली बीटी.

हे प्रथिन अळीला मारतं कसं? अळीच्या पोटातला रस अल्कधर्मी असतो. त्यात प्रथिन विरघळतं, पाचक रस त्याचा काही भाग कापून टाकतात, आणि उरलेला तुकडा कामाला लागतो. आतड्याच्या पेशींवर कॅडहेरिन नावाचं अळीचं स्वतःचं एक प्रथिन असतं. विषाचा तुकडा त्याला चिकटतो. चिकटलेले तुकडे एकत्र येऊन पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात, पेशी फुगून फुटते, अळी खायचं थांबते आणि मरते. या साखळीतला नाजूक दुवा म्हणजे चिकटणं. ज्या कॅडहेरिनला विष चिकटतं, ते कसं बनवायचं याची कृती अळीच्या एका जनुकात असते. त्या जनुकात बिघाड झाला तर विष पोटात जातं, पण धरायला काही न मिळाल्याने तसंच पुढे निघून जातं.

फरक आधीपासून होता

इथे बहुतेक वाचकांची पहिली चूक होते. विष पोटात गेलं, अळीला त्रास झाला, म्हणून तिचं जनुक बदललं, असा क्रम मनात तयार होतो. खरा क्रम उलटा आहे. प्रत्येक पिढीत जनुकांच्या नव्या प्रती निघतात आणि नक्कल करताना क्वचित चुका होतात. कोट्यवधी पतंगांच्या प्रजेत कॅडहेरिनचं जनुक बिघडलेले काही पतंग असणारच. बीटीचं एकही झाड नव्हतं तेव्हाही अशा चुका होत होत्या. त्यांचा उपयोग नव्हता, म्हणून त्या विरळ राहिल्या.

हे खात्रीने कसं सांगता येतं? साल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली केलेला प्रयोग त्यासाठी मुळातून समजून घ्यावा असा आहे. त्यांनी थोडे थोडे जिवाणू अनेक वेगवेगळ्या नळ्यांत वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले जिवाणू त्यांना मारणाऱ्या विषाणूसमोर ठेवले. विषाणू समोर आल्यामुळे जिवाणू बदलत असतील, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच जिवाणू वाचायला हवेत. सगळ्यांवर संकट एकाच वेळी आलेलं आहे. बदल आधीच, योगायोगाने, कधीही होत असेल तर चित्र निराळं दिसेल. एखाद्या नळीत तो बदल लवकर झाला असेल, तर त्या जिवाणूची प्रजा वाढून तिथे शेकडो वाचतील. उशिरा झाला असेल तिथे एक-दोन. झालाच नसेल तिथे एकही नाही. प्रत्यक्षात दुसरं चित्र दिसलं. बऱ्याच नळ्यांत काहीच उरलं नाही आणि थोड्या नळ्यांत भरमसाट जिवाणू उरले. विषाणूने कुणाला बदललं नव्हतं. आधी बदललेले कोण, एवढंच त्याने उघड केलं. या दोघांना १९६९ साली नोबेल पारितोषिक मिळालं, आल्फ्रेड हर्शी यांच्यासोबत.

बोंडअळीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. तिच्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एक प्रत तुटकी आणि दुसरी धड असेल, तर धड प्रत कॅडहेरिन बनवत राहते, त्याला विष चिकटतं आणि अळी मरते. वाचायचं तर दोन्ही प्रती तुटक्या हव्यात. जीवशास्त्रात अशा गुणाला अप्रभावी म्हणतात. शेतातलं सगळं राजकारण या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून आकडे मांडून पाहू.

दहा लाख अळ्यांचा हिशोब

समजा, प्रजेत दर हजार प्रतींमागे एक प्रत तुटकी आहे. हा आकडा हिशोबापुरता घेतलेला आहे. एखाद्या अळीला दोन्ही प्रती तुटक्या मिळण्याची शक्यता हजारातली एक गुणिले हजारातली एक, म्हणजे दहा लाखांत एक. एक तुटकी आणि एक धड अशा अळ्या दहा लाखांत सुमारे दोन हजार. बाकी ९ लाख ९८ हजारांच्या दोन्ही प्रती धड.

सगळ्या शिवारात बीटीच लावली तर काय होईल? दहा लाखांतली एक अळी वाचेल. कापसाच्या पट्ट्यात अळ्या कोट्यवधी असतात, म्हणजे अशा वाचलेल्या काही शेकडे तरी असतील. त्यांचे पतंग होतील तेव्हा जोडीदार कोण? त्यांच्यासारखेच वाचलेले, कारण दुसरं कुणी उरलेलंच नाही. त्यांच्या सगळ्या पिल्लांच्या दोन्ही प्रती तुटक्या. एका पिढीत खेळ संपला.

आता शिवाराच्या २० टक्के भागावर साधी, बिगरबीटी कपाशी लावू. तिथल्या दोन लाख अळ्या जगतील. बीटीवरून आलेला तो एकटा पतंग जोडीदार शोधायला निघेल, तेव्हा त्याच्याभोवती या दोन लाखांचे पतंग असतील आणि त्यांतल्या हजारातल्या ९९८ जणांच्या दोन्ही प्रती धड. अशा जोडीच्या प्रत्येक पिल्लाला एक तुटकी आणि एक धड प्रत मिळेल. ती पिल्लं बीटीवर गेली की मरतील. साध्या कपाशीच्या या पट्ट्याला आश्रय पीक म्हणतात. अळ्यांना मुद्दाम जगू देण्याची ही युक्ती वरवर वेडेपणाची वाटते. पण तिथे सांभाळले जातात ते बाहेर वाचलेल्या दुर्मीळ पतंगांसाठीचे जोडीदार.

ही युक्ती किती टिकते, तेही काढता येतं. आश्रय पीक २० टक्के असेल तर दर दहा लाख प्रतींत तुटक्या प्रती पुढच्या पिढीत १,००० वरून सुमारे १,००४ होतात. आश्रय १ टक्का असेल तर १,००० वरून सुमारे १,१०० होतात. आश्रय हजारात एक एवढंच उरलं, तर एका पिढीत जवळजवळ दुप्पट. शिवाय तुटक्या प्रती जितक्या जास्त, तितका पुढच्या वाढीचा वेग जास्त. म्हणून २० टक्के आश्रयात त्या बहुसंख्य व्हायला कागदावर अडीचशेच्या आसपास पिढ्या लागतात आणि १ टक्का आश्रयात जेमतेम पंधरा. वर्षाला पाच पिढ्या धरल्या, तर पन्नास वर्षं विरुद्ध तीन वर्षं. अळी तीच, विष तेच, जनुकही तेच.

अशा हिशोबाची पद्धत जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२४ पासून एका लेखमालेत मांडली. अप्रभावी गुण विरळ असताना नैसर्गिक निवडीच्या दृष्टीला जवळजवळ पडतच नाही, म्हणून तो सुरुवातीला फार हळू पसरतो, हेही त्यांनी दाखवलं. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात निवड होती, पण जनुकं नव्हती. मेंडेलच्या १८६६ च्या निबंधात आज आपण जनुकं म्हणतो ती होती, पण निवड नव्हती. दोन्ही एका गणितात बसवण्याचं काम हाल्डेन, रोनाल्ड फिशर आणि सेवॉल राइट यांच्या पिढीने केलं. आज लोकप्रिय पुस्तकांत उत्क्रांती म्हणून जे वाचायला मिळतं, त्याचा पाया हे गणित आहे. पुस्तकात ते सहसा दिसत नाही, एवढंच.

आश्रयाच्या ओळी कुठे गेल्या

भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. नियम असा होता की बीटी पिकाभोवती बिगरबीटीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांतलं जे जास्त असेल ते लावायचं. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याचं पाकीट दिलं जाई. बहुतेक ठिकाणी ते पाकीट पेरलंच गेलं नाही. यात अडाणीपणा शोधण्याचं कारण नाही. ज्याच्याकडे चार एकर आहेत, त्याने त्यातला तुकडा अळीला सोडायचा, तोटा त्याचा एकट्याचा आणि फायदा साऱ्या तालुक्याचा. शेजाऱ्याने आश्रय लावला आणि आपण नाही लावला, तरी फायदा मिळतोच. असा हिशोब प्रत्येक जण स्वतंत्रपणे करतो, तेव्हा आश्रय कुणाच्याच शेतात उरत नाही.

पहिली काही वर्षं हे कळून आलं नाही, कारण बीटीचं क्षेत्र थोडं होतं आणि आजूबाजूची साधी कपाशी हाच फुकटचा आश्रय होता. दशकभरात देशातली सुमारे ९० टक्के कपाशी बीटी झाली आणि तो आश्रय आटला. गुजरातेत अमरेलीहून २००८ साली गोळा केलेल्या अळ्या क्राय१एसी खाऊन जगताना आढळल्या, आणि २०१० मध्ये सौराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत पहिली बीटी निष्प्रभ ठरत असल्याचं बियाणं कंपनीने जाहीर केलं.

तोवर दुसरी पिढी बाजारात आलेली होती. २००६ पासूनच्या या बीटीत क्राय१एसीच्या जोडीला क्राय२एबी हे दुसरं विष होतं. ते आतड्यात वेगळ्या ठिकाणी धरतं, म्हणून एक तुटकी जागा दोन्हींपासून वाचवू शकत नाही. तत्त्व भक्कम आहे. एका विषातून दहा लाखांत एक अळी वाचत असेल, आणि दुसऱ्यातूनही तितकीच, तर दोन्हींतून वाचणारी एक लाख कोटीत एक. पण हा गुणाकार दोन्ही विषं कोरी असताना लागू पडतो. पहिल्या विषाला दाद न देणाऱ्या अळ्या आधीच पसरलेल्या असतील, तर पहिला गुणक एकाच्या जवळ जातो आणि दोन विषांची कपाशी व्यवहारात एका विषाची उरते. तसंच झालं. २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेत दुसऱ्या बीटीच्या बोंडांतही जिवंत गुलाबी अळ्या मिळू लागल्या, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्यात तिने मोठं नुकसान केलं.

फरदडीने यात भर घातली. शेवटच्या वेचणीनंतर पाणी असलेल्या शेतात पऱ्हाटी तशीच राखून फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस घेतला की अळीला आणखी एक-दोन पिढ्या मिळतात. हिशोबाच्या भाषेत, निवडीचे एक-दोन फेरे वाढतात, तेही अशा वेळी जेव्हा झाडात विषाचं प्रमाण उतरलेलं असतं आणि एकच तुटकी प्रत असलेल्या काही अळ्याही निभावून जाऊ शकतात.

सरकीतला मेंडेल

आपल्याकडच्या बीटीत आणखी एक गुंतागुंत आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी तिच्याकडे लक्ष वेधलं. अमेरिकेत, चीनमध्ये बीटी प्रामुख्याने सरळ वाणांत आहे. भारतात ती संकरित बियाण्यात आली. संकरित झाडाला विषाचं जनुक एकाच पालकाकडून मिळालेलं असतं, म्हणजे त्याच्याकडे त्याची एकच प्रत असते. झाडाच्या पानांत, सालीत विष तयार व्हायला ती पुरते. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी, आणि तिथे मेंडेलच्या वाटाण्यांसारखी वाटणी होते. दोन विषांची दोन जनुकं स्वतंत्रपणे वाटली गेली, की दर १६ सरक्यांत सरासरी ९ मध्ये दोन्ही विषं, ३ मध्ये फक्त पहिलं, ३ मध्ये फक्त दुसरं आणि एकीत काहीच नाही.

पानं खाणाऱ्या अळीला याने फरक पडत नाही. गुलाबी बोंडअळी मात्र सरकीच खाते. एकाच बोंडात तिला पूर्ण विषारी, अर्धवट विषारी आणि बिनविषारी दाणे मिळतात. एक तुटकी प्रत असलेली अळी, जी हिशोबाप्रमाणे मरायला हवी होती, तिला अशा बोंडात निसटायला वाव मिळतो. अशी अळी जगू लागली की गुण पुरता अप्रभावी राहत नाही, आणि अडीचशे पिढ्यांचा आकडा झपाट्याने खाली येतो.

चीनमध्ये याच वाटणीने उलटं काम केलं. यांगत्झे नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी बीटी आणि साध्या कपाशीच्या संकराच्या दुसऱ्या पिढीचं बी लावलं. तिथे वाटणी नुसती दाण्यादाण्यांत न होता झाडाझाडांतही झाली: शेतातली सुमारे पाव झाडं बिनविषारी, इकडेतिकडे विखुरलेली. कुणी आश्रय पीक लावायचं ठरवलं नव्हतं, पण ते आपोआप लागलं. तिथल्या गुलाबी बोंडअळीत वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. मेंडेलचा नियम दोन्हीकडे एकच. विषारी आणि बिनविषारी यांची सरमिसळ एका बोंडात होते की एका शेतात, यावर निकाल फिरला.

हरभऱ्यावरची पाहुणी

याच शिवारात एक तुलना आयती उपलब्ध आहे. बीटी आली ती मुख्यतः हिरव्या बोंडअळीसाठी. हीच अळी हरभऱ्यावर आली की आपण तिला घाटेअळी म्हणतो, आणि तुरीच्या शेंगाही तीच पोखरते. तिच्यावरही तेच विष, त्याच वर्षांत, त्याच तालुक्यांत वापरलं गेलं. रासायनिक कीटकनाशकांना न जुमानण्यात तर ती कुप्रसिद्ध होती. तरी बीटीवर तिने गुलाबी बोंडअळीसारखा उठाव केला नाही.

मोठं कारण तिच्या खाण्यात आहे. हिरवी अळी कपाशीवर जगते तशी तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवर आणि कितीतरी तणांवरही जगते. तिथे विष नाही. म्हणजे कुणी आश्रयाच्या ओळी लावल्या नाहीत तरी तिच्यासाठी सगळा रब्बी हंगाम हाच आश्रय होता. दरवर्षी तिथून धड प्रतींचे पतंग येत राहिले आणि तुटक्या प्रतींना विरळ करत राहिले. गुलाबी बोंडअळीला कपाशीवाचून दुसरं घर नाही. तिचा सारा संसार विषाखाली आला.

हुशार अळीने मात केली आणि दुसरीला ते जमलं नाही, असं हे प्रकरण सांगता येणार नाही. हट्टी किडींची यादी केली असती तर हिरवी अळी वर असती.

ॲरिझोनातला शेवट

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी बीटी १९९६ मध्ये लावली, आपल्या सहा वर्षं आधी. तिथे आश्रय पिकाचा नियम बहुतांशी पाळला गेला आणि गुलाबी बोंडअळी दशकभर विषाला बळी पडत राहिली. २००६ पासून आणखी एक उपाय जोडला: प्रयोगशाळेत वाढवलेले, किरणोत्साराने वंध्य केलेले अब्जावधी पतंग विमानांतून सोडले. बीटीतून वाचलेल्या थोडक्या पतंगांना जोडीदार मिळाले ते वंध्य, त्यामुळे पुढची पिढीच झाली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने देशाच्या कापूस क्षेत्रातून ही कीड हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रातल्या त्या वाईट हंगामाच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट.

ॲरिझोनाच्या अळ्यांत तुटकी प्रत नव्हती असं मुळीच नाही. तिथल्या शेतांतून आणलेल्या अळ्यांपासून प्रयोगशाळेत विषाला दाद न देणारे वंश तयार करता आले आणि त्यांच्या कॅडहेरिनमधले बिघाडही ओळखले गेले. पुढे भारतातल्या अळ्यांचं तेच जनुक तपासलं, तेव्हा निराळेच बिघाड मिळाले: आठ वेगवेगळ्या तुटक्या प्रती. क्राय२एबीच्या प्रतिकारामागे एबीसीए२ नावाच्या दुसऱ्याच जनुकातले बिघाड आढळले, आणि तेही अनेक प्रकारचे. एखाद्या योजनेतून हे आलं असतं तर एक नेमका उपाय सगळीकडे दिसला असता. इथे दिसते ती एकच जागा निरनिराळ्या प्रकारे मोडलेली, जिथे जी मोडली ती तिथे वाढलेली.

तुटकी प्रत ही प्रगतीही नाही. विष नसलेल्या कपाशीवर अशा अळ्या जगण्यात मागे पडतात, असं ॲरिझोनातल्या प्रयोगांत दिसलं. झाडात गॉसिपॉल हे कपाशीचं स्वतःचं कडू संरक्षक द्रव्य जास्त असेल, तर त्या आणखी मागे पडतात. तोच बिघाड बीटीच्या शेतात वरदान आणि बांधापलीकडे ओझं ठरतो. जनुक चांगलं की वाईट, हे त्याच्या आजूबाजूला काय पेरलं आहे हे ठाऊक झाल्याशिवाय सांगता येत नाही.

पुन्हा पुस्तकाकडे

आता सुरुवातीच्या वाक्याचं काय झालं ते पाहू. ‘गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती निर्माण केली’ यात कर्ता अळी आहे. प्रत्यक्षात कुठल्याही अळीने आयुष्यात काही निर्माण केलं नाही. जी वाचली ती जन्मापासून वाचणारी होती, आणि जी मेली तिने कितीही धडपड केली असती तरी मेलीच असती. बदलली ती प्रजेतली मोजणी: विरळ असणाऱ्या प्रती बहुसंख्य झाल्या. ते वाक्य चुकीचं म्हणून टाकून द्यायची गरज नाही. त्याच्याआड तीन प्रश्न दडलेले आहेत, ते विचारले की झालं. फरक आधीपासून होता का, आणि तो पिढीजात होता का? त्या फरकामुळे कोण मेलं आणि कोण उरलं? उरलेल्यांची जोडी कुणाशी जमली?

तिसरा प्रश्न पुस्तकांत सर्वांत कमी येतो. आपण मरण-जगण्यापाशी थांबतो, कारण नाट्य तिथे असतं. पण विदर्भ आणि ॲरिझोना यांच्यातलं अंतर पडलं ते तिसऱ्या प्रश्नावर. दोन्हीकडे विषाने बहुतांशी सारख्याच अळ्या मारल्या आणि सारख्याच वाचवल्या. एकीकडे वाचलेल्यांना त्यांच्यासारखेच जोडीदार मिळाले, दुसरीकडे आश्रयातले किंवा वंध्य.

‘स्वार्थी जनुक’ हा शब्दप्रयोगही याच तीन प्रश्नांनी उलगडतो. तुटक्या प्रतीला स्वतःची वाढ हवी होती, असं म्हणण्याची गरज नाही. काही परिस्थितींत तिच्या नकला पुढच्या पिढीत जास्त उरल्या, काहींत कमी. जास्त उरलेल्या आपल्याला दिसतात, म्हणून त्यांच्यात जिद्द असल्यासारखं वाटतं. कमी उरलेल्या, ॲरिझोनातल्या, कुणाच्या नजरेसमोर नाहीत.

कृषी विभाग आणि विद्यापीठं गुलाबी बोंडअळीसाठी जे सल्ले देतात, तेही याच दृष्टीने वाचता येतात. डिसेंबरअखेर पीक संपवा, फरदड घेऊ नका: निवडीचे फेरे कमी करा. पऱ्हाटी आणि किडकी बोंडं नष्ट करा: सुप्तावस्थेतल्या अळ्या पुढच्या हंगामात पोचू देऊ नका. कमी दिवसांचं वाण निवडा: शेवटच्या पिढ्यांना बोंडं मिळू देऊ नका. कामगंध सापळे लावा, किंवा मादीच्या गंधाचं रसायन शेतात पसरवून नराला चकवा: जोड्याच जमू देऊ नका. बिगरबीटी बी आता त्याच पाकिटात मिसळून दिलं जातं: आश्रय लावायचा की नाही हा निर्णय एकट्यादुकट्यावर सोडू नका. यातला एकही सल्ला एका अळीला उद्देशून नाही. सगळे मोजणीला उद्देशून आहेत, आणि त्यांतले बरेचसे गावाने मिळून पाळले तरच लागू पडतात, कारण पतंग बांध ओळखत नाहीत.